हापूसच्या भांडणात डीएनएला साक्षीला बोलावू नका

गुजरातमधून ‘वलसाड हापूस’ या नावाने भौगोलिक मानांकन मागणारा अर्ज झाल्यापासून कोकणातले बागायतदार खवळले आहेत. खवळणारच. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी हापूसचं मानांकन नोंदलं गेलं, त्यामागे वर्षानुवर्षांची खटपट होती. कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने खपवला जातो हे दुखणं जुनंच. आता तर ऐन हिवाळ्यात वाशीच्या बाजारात आफ्रिकेतल्या मलावीचा ‘हापूस’ दिसतो, आणि त्याच्या बागा कोकणातून गेलेल्या काड्यांवर उभ्या राहिल्या आहेत. तेव्हा भांडणाला कारण आहे. भांडायची तऱ्हा मात्र बिघडली आहे. एका बाजूचा युक्तिवाद असा: हापूस कलमाने वाढतो, कलम म्हणजे मूळ झाडाची हुबेहूब नक्कल, डीएनए तोच, मग वलसाडला लावा की देवगडला, आंबा तोच. याला उत्तर म्हणून दुसऱ्या बाजूच्या काही उत्साही मंडळींनी ‘एपिजेनेटिक्स’ (डीएनएचा मजकूर न बदलता जनुकांचं काम बदलणाऱ्या खुणांचं शास्त्र) हा शब्द उचलला आहे. कोकणचा कातळ, खारा वारा आणि इथला पाऊस हापूसच्या डीएनएवर मिथायलेशनच्या खुणा उमटवत आला, म्हणून इथलं झाड मुळातच वेगळं, ही ‘मातीची स्मृती’, असं ते म्हणतात. माझ्या मते पहिला युक्तिवाद चुकीचा आहे, आणि दुसरा अर्धा खरा असल्यामुळे त्याहून घातक. कोकणचा दावा मुळात बळकट आहे. मिथायलेशनचा टेकू लावला तर तोच टेकू तो दावा पाडेल.

आधी ही खूण म्हणजे काय ते पाहू. डीएनएतल्या चार घटकांपैकी सायटोसिनवर पेशी काही ठिकाणी मिथाइल नावाचा छोटा रासायनिक गट चिकटवते. जनुकातला मजकूर त्याने बदलत नाही. ते जनुक कामाला लागतं की गप्प बसतं यावर मात्र परिणाम होऊ शकतो. वनस्पतींमध्ये या खुणांचं मोठं काम म्हणजे जागा बदलत उड्या मारणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांना, ट्रान्स्पोझॉनना, दाबून ठेवणं. सगळ्या खुणा एका जातीच्या नसतात. सायटोसिनच्या लगेच पुढे ग्वानिन असेल तर पेशी विभागताना खूण जवळपास आपोआप नव्या धाग्यावर उतरते, म्हणून ती टिकाऊ. इतर काही ठिकाणच्या खुणा दर वेळी नव्याने लावाव्या लागतात; त्या तापमानाला जास्त दाद देतात आणि तितक्याच सहज पुसल्याही जातात. थोडक्यात, टिकणाऱ्या खुणा हवामानाचं फारसं ऐकत नाहीत आणि ऐकणाऱ्या फारशा टिकत नाहीत. अपवाद आहेत, पण कल हा आहे. ‘मातीची स्मृती’ हे शब्द तोंडातून काढण्याआधी एवढं तरी पचवायला हवं.

आता स्मृतिवाद्यांच्या बाजूचे सगळ्यात भक्कम पुरावे मी स्वतःच मांडतो, कारण ते त्यांच्यापेक्षा वैज्ञानिकांच्या दप्तरातच जास्त चांगले आहेत. कॅनडातल्या संशोधकांनी २०११ मध्ये पॉप्लर या झाडाच्या संकरित वाणांच्या काड्या वेगवेगळ्या प्रांतांतल्या रोपवाटिकांतून आणल्या आणि एकाच जागी, सारख्याच परिस्थितीत वाढवल्या. वाण तोच, डीएनए तोच. पाणी तोडल्यावर जनुकांचा प्रतिसाद मात्र काडी कुठून आली त्यानुसार वेगळा निघाला. जिथे हा फरक सगळ्यात ठळक होता, त्या वाणात मिथायलेशनही मूळ ठिकाणानुसार वेगळं होतं. लोम्बार्डी पॉप्लर हे दुसरं उदाहरण. रस्त्याकडेने उभं राहणारं हे उंच, सडपातळ झाड म्हणजे अठराव्या शतकापासून काड्यांनी जगभर गेलेला एकच नर. युरोपातल्या वेगवेगळ्या हवामानांतून त्याच्या काड्या आणून एका बागेत लावल्या, तरी त्यांच्या मिथायलेशनमध्ये आणि कळ्या मिटण्याच्या वेळेत फरक राहिलेच. नॉर्वेतल्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची गोष्ट तर याहून नवलाची. बी तयार होत असताना, गर्भ घडत असताना हवा जितकी उबदार, तितकी त्या बियांची रोपं हिवाळ्याची तयारी उशिरा करतात. आई-बाप तेच, तरी उत्तरेकडची झाडं दक्षिणेला नेऊन बी धरलं की पोरं दक्षिणेकडच्यांसारखी वागतात, आणि हा फरक वर्षानुवर्षं टिकतो. हे सगळं खरं आहे. झाडाला परिसराचा ठसा लागतो, हे नाकारणारा माणूस गेल्या तीस वर्षांतलं वनशास्त्र वाचत नाही, एवढंच म्हणावं लागेल.

मग अडतं कुठे? अडतं ते ‘फरक दिसला, म्हणजे मातीने केला’ या उडीपाशी. ही उडी किती फसवी आहे ते स्वीडनमधल्या अराबिडोप्सिसने दाखवलं. मोहरीच्या कुळातलं हे इवलंसं रोप वनस्पतीशास्त्रज्ञांचं लाडकं. स्वीडनच्या उत्तरेकडच्या रोपांत जनुकांवरच्या खुणा दक्षिणेकडच्यांपेक्षा जास्त आढळल्या. थंडीने कोरलेली स्मृती म्हणून हे किती छान शोभलं असतं! पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सगळी रोपं प्रयोगशाळेत, सारख्या तापमानांत वाढवलेली होती, आणि फरक तरी राहिला. शोध घेतल्यावर त्याचं बरंचसं मूळ सापडलं ते डीएनएच्या मजकुरातल्या बदलांत. खूण लावणाऱ्या यंत्रणेच्या जनुकांतच उत्तर-दक्षिण फरक होते. तापमानाचाही परिणाम दिसला, पण तो मुख्यतः त्या दुसऱ्या, ढिल्या जातीच्या खुणांवर. म्हणजे थंडीने निवड केली ती जनुकांची. खुणा त्या जनुकांच्या मागून आल्या. कॅलिफोर्नियातल्या व्हॅली ओकवरही असंच मोलाचं काम झालं आहे: तिथे मिथायलेशनचे काही फरक हवामानाशी जुळतात. पण रानातला प्रत्येक ओक बियाणातून आलेला, दुसऱ्यापासून जनुकांनीच वेगळा. हवामानाशी जुळणारा फरक हवामानाने लिहिला की हवामानाने निवडलेल्या जनुकांनी, हे नुसत्या जुळण्यावरून कसं ठरणार?

हापूसच्या बाबतीत हे संकट टळतं असं वाटेल, कारण तिथे जनुकं तीच. पूर्ण टळत नाही. कलमाच्या वरच्या अर्ध्या भागाचं ते खरं, खालचं काय? पावसाळ्यात कोकणातल्या रोपवाटिकेत कोय कलम बांधताना पाहा. रायवळ आंब्याची कोय रुजून दहा-पंधरा दिवस झालेले असतात, पानं अजून तांबूस आणि लुसलुशीत. कोवळा शेंडा छाटतात, दांड्याला मधोमध चीर देतात, हापूसची वितीएवढी काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळतात. काडी हापूसची, खुंट रायवळचा. आणि रायवळची प्रत्येक कोय म्हणजे नवा संकर, एकीसारखी दुसरी नाही. बागेत शंभर हापूस असतील तर ते शंभर वेगळ्या मुळांवर उभे असतात. खुंट नुसतं पाणी-खत पुरवत नाही. कलमाच्या जोडातून आरएनएचे छोटे रेणू पलीकडे जातात आणि तिथल्या डीएनएवर मिथायलेशन लावायला लावतात, हे अराबिडोप्सिसच्या कलमांत २०१० मध्येच दाखवलं गेलं. तेव्हा ‘डीएनए तोच, म्हणून आंबा तोच’ म्हणणाऱ्यांना सांगायला हवं, की झाड अर्धंच तेच आहे. आणि ‘मातीने बदललं’ म्हणणाऱ्यांनाही हेच सांगायला हवं: तुम्ही ज्याला मातीची करणी म्हणता, ती कदाचित खुंटाच्या जनुकांची असेल.

वयाचा मुद्दा मात्र दोन्ही बाजूंनी साफ विसरला आहे, आणि मला सगळ्यात रस त्याच्यातच आहे. रायवळची कोय लावली तर मोहोर यायला आठ-दहा वर्षं वाट पाहावी लागते. हापूसचं कलम मात्र कधीकधी पहिल्या-दुसऱ्या वर्षीच मोहोर दाखवतं, आणि रोप अशक्त होऊ नये म्हणून बागायतदार सुरुवातीची तीन-चार वर्षं तो खुडून टाकतो. का? कारण ती काडी वयात आलेल्या झाडाची आहे आणि ते वय ती विसरलेली नाही. कलम यंदाचं, लाकूड म्हातारं. पोर्तुगीज काळात गोव्याकडे कलमं बांधण्याची पद्धत रुजली तेव्हापासून हापूस बी-गर्भाच्या अवस्थेतून गेलेलाच नाही; शेंड्यातल्या त्याच पेशी विभागत, काडीवरून काडीवर उडी घेत काही शतकं चालत आल्या आहेत. (अफोंसो हे पोर्तुगीज नाव लावणारं हे फळ ‘शुद्ध कोकणी’ म्हणून मिरवताना आपण गोव्याचं देणं सोयीस्करपणे विसरतो, ते वेगळं.) आता स्प्रूसचा पुरावा पुन्हा तपासा. तिथे परिसराचा ठसा उमटायची खिडकी होती गर्भाची. हापूसचं कलम त्या खिडकीसमोरून जातच नाही. म्हणजे स्मृतिवाद्यांचा सगळ्यात चमकदार पुरावा हापूसला लागूच होत नाही.

आणि नुसतं वय वाढल्याने काय होतं? अमेरिकेत सुमारे ३३० वर्षांच्या एका पॉप्लरच्या वेगवेगळ्या फांद्यांवरची पानं घेऊन संशोधकांनी त्यांचा डीएनए आणि मिथायलेशन दोन्ही वाचलं. २०२० मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. एकच झाड, एकच माती, एकच आभाळ. तरी फांद्याफांद्यांत मिथायलेशन वेगळं होतं, आणि दोन फांद्या जितक्या आधी एकमेकींपासून फुटलेल्या तितका फरक जास्त. पेशी विभागताना खुणा उतरवण्यात चुका होतात आणि त्या साचत जातात, बस्स. डीएनएच्या मजकुरात चूक होणं फार दुर्मीळ. खुणांच्या नकलेत होणाऱ्या चुका त्यापेक्षा हजारो पटींनी जास्त. त्यांचा वेग इतका नियमित, की त्यावरून वय काढता येतं. अमेरिकेतल्या लॉब्लॉली पाइनसाठी असं मिथायलेशनचं घड्याळ बसवलंही गेलं आहे. आता देवगडच्या आणि वलसाडच्या हापूसच्या खुणा उद्या कोणी वाचल्या आणि त्या वेगळ्या निघाल्या, तर काय सिद्ध झालं? त्या दोन वंशावळी काही दशकांपूर्वी वेगळ्या झाल्या, एवढंच कदाचित. कातळ, खारा वारा कशाचंही नाव न घेता तो फरक पडला असता. न्यायालयात वा नोंदणी कार्यालयात उभा राहणारा समोरचा वकील हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारेल.

‘तोच डीएनए’वाल्यांना मात्र याच खुणांनी धडे दिले आहेत, आणि ते महागात पडलेले धडे आहेत. मलेशियात तेलमाडाच्या, म्हणजे पाम तेल देणाऱ्या, उत्तम झाडांच्या ऊतीसंवर्धनाने (टिश्यू कल्चरने) नकला काढल्या. रोपं देखणी, डीएनए अचूक. शेतात लावून काही वर्षांनी फुलं आली, तेव्हा त्यांतल्या कित्येक झाडांच्या फुलांतले नर भाग मादी भागांसारखे होऊन फळाला विचित्र पदर सुटले, आणि तेलाचं उत्पन्न कोसळलं. कारण कळायला २०१५ साल उजाडलं: फुलाचा आकार ठरवणाऱ्या एका जनुकाच्या पोटात ‘कर्मा’ नावाचा ट्रान्स्पोझॉन बसलेला होता, आणि ऊतीसंवर्धनात त्याच्यावरचं मिथायलेशन निघून गेलं होतं. संशोधकांनी त्या अवस्थेला ‘बॅड कर्मा’ म्हटलं. आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. कॅलिफोर्नियात बदामाच्या काही प्रसिद्ध वाणांत कुठलाही रोगजंतू नसताना कळ्या मरतात आणि फांद्या वेड्यावाकड्या फुटतात. हा दोष उष्ण भागांत जास्त, आणि त्याचा संबंध झाड कधी लावलं याच्याशी नाही, मूळ बीजापासून त्या कलमाच्या वंशाचं वय किती झालं याच्याशी आहे. जनुकं, वय आणि उष्णता यांची अशी गाठ तिथे पडली आहे, आणि मिथायलेशन हा तिथला मुख्य संशयित. ‘कलम म्हणजे हुबेहूब नक्कल’ हे वाक्य तिथल्या बागायतदारासमोर उच्चारून पाहावं.

सोयीच्या निष्कर्षासाठी अर्धं खरं विज्ञान वापरलं की काय होतं, याचं एक भयानक उदाहरण इतिहासात आहे, आणि त्यात झाडंही आहेत. सोव्हिएत संघात ट्रोफिम लिसेंकोने गव्हाच्या बियांना थंडी देऊन फुलोरा लवकर आणण्याच्या तंत्रावरून असा सिद्धान्त रचला, की परिसराने दिलेला बदल वंशात कायमचा उतरतो. थंडीचा परिणाम खरा होता. आज त्याची यंत्रणा एपिजेनेटिक्सच्या पाठ्यपुस्तकात आहे, आणि त्याच पाठ्यपुस्तकात हेही आहे, की नव्या पिढीत तो ठसा पुसून कोरा केला जातो. खरं निरीक्षण, खोटा निष्कर्ष. जनुकशास्त्र मानणारे वनस्पतीशास्त्रज्ञ वाव्हिलोव्ह १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात मेले. १९४८ मध्ये जनुकशास्त्र अधिकृतपणे गाडलं गेलं, आणि त्याच वर्षी स्टॅलिनच्या वनपट्ट्यांच्या योजनेत लिसेंकोच्या सल्ल्याने ओकच्या बिया दाट झुबक्यांत पेरायचं ठरलं: एकाच जातीची झाडं आपसांत स्पर्धा करत नाहीत म्हणे. ओकांनी पक्षाचं ऐकलं नाही. लागवड मोठ्या प्रमाणात फसली. कोकणातला एखादा अतिउत्साही कार्यकर्ता म्हणजे लिसेंको, असं मला सुचवायचं नाही. पण ‘आमच्या मातीने आमचं बीज घडवलं’ हे वाक्य राजकारणाला फार गोड लागतं, म्हणून ते प्रयोगशाळेच्या नावाने वापरताना दुप्पट जपायला हवं.

आता मुख्य पेच. समजा कातळाने, खाऱ्या वाऱ्याने हापूसवर खुणा उमटवल्या. त्या टिकाऊ आहेत की नाहीत? टिकाऊ असतील, तर मलावीला गेलेली काडी त्या खुणा सोबत घेऊनच गेली. वलसाडचा बागायतदार म्हणेल, माझ्या झाडात कोकण आहेच, मग नाव का नको? आणि टिकाऊ नसतील, तर नव्या जागी त्या पुसल्या जातात, म्हणजे महत्त्व उरलं ते आज झाड उभं आहे त्या जागेला, आणि मिथायलेशनचं नाव काढायचं कारणच उरलं नाही. दोन्हीकडून कोकणचा तोटा किंवा शून्य फायदा. ज्या युक्तिवादाच्या प्रत्येक फांदीवर प्रतिपक्षच बसलेला आहे, तो आपण का करावा?

कायद्याला त्याची गरजही नाही. १९९९ च्या भौगोलिक निर्देशन कायद्यात जनुकांचा प्रश्नच येत नाही. मालाचा गुण, लौकिक किंवा वैशिष्ट्य मुख्यतः त्या प्रदेशामुळे आहे की नाही, एवढंच पाहिलं जातं. फ्रेंचांनी हे कितीतरी आधी ओळखलं. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने त्यांचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, तेव्हा त्यांनी आपल्या वेली अमेरिकन मुळांवर बांधल्या. फ्रान्समधल्या बर्गंडीतला पिनो न्वार हा द्राक्षाचा वाण अमेरिकन खुंटावर उभा आहे, आणि तोच पिनो न्वार अमेरिकेतल्या ऑरेगनमध्येही वाढतो. त्यावरून बर्गंडीने नाव सोडलं का? १९३५ च्या कायद्याने त्यांनी नाव बांधलं ते जमिनीच्या तुकड्याला आणि कामाच्या पद्धतीला. कोकणकडे हे दोन्ही आहे: जांभ्या दगडाचा कातळ फोडून लावलेल्या बागा, समुद्राजवळची हवा, झेल्याने देठासकट उतरवलेलं फळ, पेंढ्यातली अढी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या हापूसच्या गंधद्रव्यांत फरक दाखवले आहेत. जागेचा गुण फळात उतरतो हे सांगायला असं मोजमाप पुरेसं आहे. तो डीएनएवरून फिरून आला की सरळ पाण्या-उन्हातून, याने कायद्याला फरक पडत नाही. उलट जनुकांचं काम कुठे दिसतं ते साक्यात पाहा. हापूसच्या गरात होणारा साका, म्हणजे गर पांढरट आणि स्पंजासारखा होण्याचा दोष, कातळावर, खाऱ्या वाऱ्यातही होतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसचा संकर करून ‘रत्ना’ काढला, आणि त्याच कोकणात साका गेला. माती तीच होती.

यावर कोणी म्हणेल, मग मिथायलेशनचा अभ्यासच करू नये का? करावा, आणि कोकणनेच करावा. फक्त निकाल आधी ठरवून नव्हे. प्रयोग अवघड नाही, वेळखाऊ आहे. देवगड, रत्नागिरी, पालघर आणि वलसाडच्या नोंद असलेल्या मातृवृक्षांच्या काड्या घ्याव्यात. खुंट रायवळचा नको. वेल्लईकोलंबनसारख्या बहुभ्रूणी जातीचा घ्यावा, म्हणजे बहुतेक खुंट जनुकांनी एकसारखे मिळतील. ही कलमं एक बाग कोकणात आणि एक कोकणाबाहेर, दोन्हीकडे सारखीच लावावीत. दोन्ही बागांत काड्यांमधला फरक मावळला, पण दोन बागांच्या फळांत फरक दिसला, तर गुण जागेचा ठरतो आणि मानांकन पक्कं होतं. काड्यांमधला फरक टिकला, तर कोकणचे जुने मातृवृक्ष हे खरं धन ठरतं, आणि मग काड्या कोणाला, कशा अटींवर द्यायच्या याचे नियम आजच्याइतके ढिले ठेवून चालणार नाही. सध्या रोपवाटिकेतून कलम घेताना चिठ्ठीवर ‘हापूस’ एवढंच असतं. काडी कोणत्या झाडाची, ते झाड किती वर्षांचं, खुंट कुठला, हे कोणी विचारत नाही आणि कोणी लिहीतही नाही.

एक धास्ती मात्र पहिल्याच निकालाची धरायला हवी. गुण जागेचा असेल, तर जागा बदलली की गुणही बदलणार. लांबलेला पाऊस, अवेळी ढग आणि मार्चमधली होरपळ कोकणात आधीच मोहोराचं गणित बिघडवते आहे, आणि झाड आपल्या आठवणीने तारून नेईल या भरवशावर बागा सोडता येणार नाहीत. भौगोलिक मानांकनाचं दर दहा वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. कलमं लावून भरवशाचं फळ हाती यायला आणि दोन-चार हंगामांची मोजमापं व्हायलाही साधारण तेवढीच वर्षं लागतील.